आत्यांच्या नावाच्या त्रेचाळीस साखळ्या

पंप बनवणाऱ्या त्या कंपनीत अडीच हजार माणसं कामाला होती. सर्व्हर म्हणजे काय हे त्यांतल्या निम्म्यांना ठाऊक नव्हतं, पण अडलं की तिसऱ्या मजल्यावर आत्यांकडे धाव घ्यायची, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं. आत्या तिथे कुणाच्याच आत्या नव्हत्या. हक्काने रागवायच्या आणि तेवढ्याच मायेने काम करून द्यायच्या, म्हणून नाव चिकटलं ते चिकटलंच.

रजेचा अर्ज भरला की तो आपोआप सुपरवायझरकडे, तिथून खातेप्रमुखाकडे, मग आस्थापना विभागात जाई आणि मंजूर होऊन परत येई. कंपनी याला वर्कफ्लो म्हणे, आत्या साखळी म्हणत. रजा, खरेदी, दुरुस्ती, पाहुण्यांचा प्रवेश, अशा त्रेचाळीस साखळ्या त्यांनी एकोणीस वर्षांत एकहाती बांधल्या होत्या. त्या एकोणीस वर्षांत त्या सुट्टीवर गेल्या आणि फोन वाजला नाही, असं एकदाही घडलं नाही. लेकीच्या लग्नात विहीणबाईंना बोलता बोलता थांबवून त्या कोपऱ्यात फोनवर कुणाला तरी पासवर्ड बदलायला शिकवत होत्या. लेक ते अजून विसरली नव्हती.

आता शुक्रवारी निवृत्ती आणि शनिवारी लेकीकडे जायचं, असं ठरलं होतं. तिचे दिवस भरत आले होते. “आई, तू हवीच आहेस. पण फोन वाजत राहणार असेल तर येऊ नकोस,” असं तिने तोंडावर सांगितलं होतं. नाही वाजणार, असा आत्यांनी शब्द दिला होता.

आणि सोमवारी सकाळी माशी शिंकली. जो अर्ज टाकावा तो दोन मिनिटांत ‘अयशस्वी’ असा शिक्का घेऊन परत येऊ लागला. दहा वाजेपर्यंत आत्यांच्या टेबलाभोवती ही गर्दी.

“आत्या, बंद करून चालू करून बघा ना,” स्टोअरकीपर म्हणाला.

“ते तुम्ही पंपाचं करा. मला आधी वाचू दे.”

वाचायचं म्हणजे सर्व्हरचा लॉग, त्याची रोजनिशी. शेकडो ओळी, पण रडगाणं एकच: ही साखळी ज्यांच्या नावाने चालते, त्यांचं खातं बंद आहे. कुणाचं खातं? आत्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. नाव त्यांचंच होतं. सर्व्हरवर त्या देखभालीच्या वेगळ्या पासवर्डने बसत, त्यामुळे स्वतःचं खातं गेल्याचा त्यांना पत्ताच नव्हता.

त्या तडक आस्थापना विभागात गेल्या. तिथल्या कारकुनाला सगळे घाईभाऊ म्हणत, कारण कुठलंही काम मुदतीआधी उरकल्याशिवाय त्याला चैन पडत नसे.

“घाईभाऊ, मला निवृत्त कधी केलंत?”

“सकाळी आल्या आल्या! शुक्रवारी संध्याकाळपासून मी रजेवर ना, म्हटलं तुमचं खातं बंद करायचं आधीच उरकून टाकू.”

“छान. आता तुमच्या रजेचं काय झालं ते बघा.”

अयशस्वी अर्जांत पहिला त्याचाच होता. बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं.

साहेबांनी चुटकीसरशी तोड काढली. “तुमचं खातं परत उघडा आणि कायमचं राहू द्या. तुम्ही गेलात तरी प्रत्येक मंजुरीखाली तुमचं नाव राहील.”

खोटं कशाला सांगा, आत्यांना ते फार आवडलं. चहा गार होईपर्यंत त्या याच विचाराला चिकटून बसल्या. पण ज्याचं नाव त्यालाच फोन, हे काही सुटणार नव्हतं. त्यांना लेकीचं बोलणं आठवलं.

“चार दिवसांपुरतं उघडते,” त्या म्हणाल्या. “शुक्रवारी तुमच्या देखत बंद करायचं.”

चार दिवस त्या एकेक साखळी उघडत होत्या. आपलं नाव काढायचं, ‘कार्यालय’ नावाचं नवं खातं घालायचं, ज्याला ना रजा ना निवृत्ती, आणि मग खोटा अर्ज सोडून बघायचा. एका अर्जात त्यांनी कारण लिहिलं, ‘कंटाळा आला.’ दोन अधिकाऱ्यांनी तो न वाचता मंजूर केला. आत्या पोट धरून हसल्या.

रजेची साखळी शेवटी उरली. ती त्यांनी सगळ्यात आधी बांधलेली, लेक चौथीत असताना. आपलं नाव आपणच पुसताना त्यांना वाईट वाटलं, चांगलंच वाटलं वाईट. मग त्यांनी ते पुसलं.

शुक्रवारी तीन वाजता घाईभाऊने सगळ्यांसमोर आत्यांचं खातं बंद केलं आणि स्वतःच्या रजेचा अर्ज टाकला. सात मिनिटांत तो मंजूर होऊन आला. टाळ्या वाजवायला सुरुवात आत्यांनीच केली.

लेकीला मुलगी झाली. आत्यांचा फोन स्वयंपाकघरातल्या फळीवर मुकाट पडून होता. बाराव्या दिवशी तो वाजला. लेकीने कपाळाला आठी घातली आणि बटण दाबून फोन आईच्या कानाला लावला, कारण आईचे दोन्ही हात नातीने अडवले होते.

“काय अडलं, घाईभाऊ?”

“काहीच नाही, आत्या. तुम्ही गेल्यापासून एकही अर्ज अडकलेला नाही. म्हटलं, हे तुम्हाला कोण कळवणार?”

फोनमधलं सगळं लेकीलाही ऐकू गेलं होतं. तिने हळूच बाळ उचलून घेतलं आणि फोन आईच्या हातात दिला.

“बोल आई,” ती म्हणाली, “सावकाश बोल.”