केशरबाईचं बोलावणं

नगरात कुणाकडे हळदीकुंकू असलं की घरोघर बोलावणं करायला केशरबाईच लागायची. उंबऱ्यापाशी उभं राहून एका दमात नाव, वेळ, पत्ता सांगायचा, "घरातल्या समद्यांनी या, कुनी ऱ्हाऊ नका" म्हणायचं, की पुढचं दार. त्रेचाळीस साली माळीवाड्यात एका माडीवर बायकांच्या कॉलेजचा वर्ग निघाला, तेव्हा तिथल्या मुख्य अंबिकाबाईंनी तिलाच नोकरीवर घेतलं. सुना-लेकी एकट्या रस्त्यानं कशा जाणार? केशरबाई त्यांना दुपारी दारोदार फिरून गोळा करायची आणि कोंबडीमागं पिलं निघावीत तशी माडीवर आणून सोडायची. नोकरीचा तिला भारी तोरा. भाजीवालीसुद्धा आताशा तिला अहो-जाहो करायची.

चव्वेचाळीसच्या संक्रांतीनंतर पुण्याहून तपासनीस यायचे ठरले. पटावर दहाजणी नसल्या तर वर्ग बंद. दहांतली एक बाळंतपणाला सुप्याला गेली होती नि परतायची नव्हती, दुसरीच्या नवऱ्याची बदली झालेली. उरल्या आठ. दोन कमी होत्याच, त्यांत आणखी एखादी गळायची म्हणून अंबिकाबाई धास्तावल्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "केशरबाई, उद्यासाठी एकही घर चुकवू नका."

आता सकाळपासून तीन घरची हळदीकुंकवं सांगून केशरबाईची जीभ उताराला लागलेली. त्याच तोंडानं तिनं हेही बोलावणं केलं. पेठेतलं एकही घर चुकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी दोनला जिना करकरायला लागला तो थांबेचना. पैठण्या, नथी, कडेवरची पोरं, सासवा. बाकं संपली तेव्हा बायका खिडकीत बसल्या. तपासनीस साहेब मोजत मोजत एकतिसापर्यंत आले, तेवढ्यात दोघींनी जागा बदलल्या, पुन्हा एकपासून सुरुवात. एका आजींनी त्यांच्याच हातावर तिळगूळ ठेवला. फळ्यावर अंबिकाबाईंनी हृदयाची आकृती काढली होती. रांगोळी ठसठशीत आहे, पण मध्ये हळद हवी होती, असा पुढच्या बाकावरून अभिप्राय आला.

दाराशी उभ्या केशरबाईला सगळा उलगडा झाला. वर्गही गेला, नोकरीही गेली, आणि तीही आपल्याच जिभेनं. साहेबांनी विचारलं, यांतल्या पटावरच्या किती? अंबिकाबाईंनी पट उघडला. मग केशरबाईच पुढं झाली.

"आठ हायेत, साहेब. बाकीच्यास्नी म्या चुकून हळदीकुंकवाला बोलावलं."

माडीवर हशा उसळला. साहेबांच्या तोंडात तिळगूळ, त्यांना बोलताही येईना. तेवढ्यात मुक्ताबाई, पेठेतल्या सगळ्या सासवांची सासू, कंबरेवर हात ठेवून उठल्या.

"बोलावून रिकाम्या हातानं पाठवायची रीत नाही हो आपल्यात. वाण द्या. माझी सून मॅट्रिक होऊन पापड लाटतेय, तिचं नाव लिहा."

सून नथीपर्यंत लाल झाली. खिडकीतून कुणीतरी आपल्या लेकीचं नाव सांगितलं, मग धाकट्या जावेचं, आणि दौत पुढं सरकेपर्यंत पाचजणी मिळाल्या. पट तेराचा झाला. साहेबांनी सही केली आणि आणखी एक तिळगूळ मागून घेतला.

अंबिकाबाई हसून हसून खुर्चीतच बसल्या होत्या. केशरबाई मात्र जिन्याखाली चपला शोधत होती. पुढच्या हळदीकुंकवाची केडगावातली घरं सांगायची अजून राहिली होती.