चिन्हाआधी माणूस, चिन्हानंतर जागा

जयपूरच्या आमच्या ऑफिसात कॉम्प्युटरच्या खोलीत शिरण्याआधी चपला बाहेर काढाव्या लागत. देवळात एखादा पायमोजे घालून गेला तर चालतं, इथे तेही साहेब झटकून घ्यायला लावत. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं होती. अख्ख्या खात्यात ते एकच यंत्र, त्याला जोडलेले चार-पाच पडदे, त्यांवर हिरवी अक्षरं. धुळीची आंधी सुटली की चपराशी आधी त्या खोलीच्या खिडक्या लावायला धावे, मग बाकीच्यांच्या. मे महिन्यात तापलेल्या रस्त्याने येऊन त्या गार खोलीत अनवाणी पाय ठेवला की जो जीव सुखावायचा, तो आता घरात दोन दोन एसी असूनही सुखावत नाही.

माझी ती पहिली नोकरी. वडील बँकेतले, बदलीने जयपूरला आलेले. कॉलेज मी तिथेच केलं, त्यामुळे माझं मराठी घरापुरतं आणि भांडणापुरतं होतं. खात्याची गोदामं होती आणि कुठल्या गोदामात काय माल पडला आहे हे सांगणारे प्रोग्राम आम्ही लिहायचो. ते सगळे यंत्रातल्या एका सामाईक जागी ठेवलेले असत. कोणी कुठला प्रोग्राम उघडायचा, कोणी त्यात बदल करायचे, हे यंत्र फक्त नावावरून ठरवायचं.

त्या नावाचे नियम साहेबांनी केले होते. साहेब म्हणजे एक किडकिडीत राजस्थानी गृहस्थ, बोलण्यात मऊ आणि नियमांत दगड. नाव आठ इंग्रजी अक्षरांच्या आत, सगळी लहान लिपीत, मध्ये जागा नाही, टिंब नाही. एकदा दिलेलं नाव बदलणार नाही, आणि माणूस नोकरी सोडून गेला तरी दुसऱ्याला मिळणार नाही. नावाबरोबर चावी असे. चावी म्हणजे यंत्रातली एक छोटी फाइल, आणि त्या फाइलचं नाव माणसाच्या नावाबरहुकूम असायलाच हवं. माझ्यासारखे काहीजण दोन ठिकाणी बसत, कधी मुख्य ऑफिसात, कधी चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या शहरातल्या, जुन्या गोदामात. त्यांना दोन चाव्या. दोन्हींवर आधी माणसाचं नाव, मग एक चिन्ह, मग त्या जागेचं नाव.

मला माझं नाव मिळालं तो दिवस आठवतो. लहान लिपीतली ती सात अक्षरं पडद्यावर उमटली आणि मला उगीचच मोठं झाल्यासारखं वाटलं. शाळेत हजेरीत हे नाव नेहमी वडिलांच्या नावाला चिकटून यायचं, इथे ते एकटं होतं. पुढच्या दोन वर्षांत मी लिहिलेल्या प्रत्येक प्रोग्रामच्या डोक्यावर ते बसलं.

मग माझं लग्न झालं. सासर जयपुरातलंच, रेल्वेतलं, मूळचं भुसावळकडचं. सासूबाईंनी माझ्यासाठी नवं नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. नवऱ्याने तांदळाच्या ताटात अंगठीने ते कोरलं, सगळ्यांना पेढे वाटले, आणि त्या क्षणापासून त्या घरात माझं जुनं नाव बंद झालं. नवं नाव वाईट नव्हतं. पण कोणी हाक मारली की माझ्या लक्षातच यायचं नाही, आणि सगळ्यांना वाटायचं, सून जरा शिष्ट आहे. एकदा माझा भाऊ आला आणि सवयीने जुन्या नावाने हाक मारून बसला. सासूबाईंनी त्याला तिथेच अडवलं. म्हणाल्या, "आता ते नाव नको रे बाबा. एका घरात दोन माणसं होतात मग."

रजा संपवून ऑफिसात गेले तर यंत्र मला आत घेईना. माझ्या शेजारी बसणारा सहकारी, ज्याला आम्ही सगळे भाईसाहब म्हणायचो, गालातल्या गालात हसत होता. त्याने मला लग्नाची भेट म्हणून नवी चावी करून ठेवली होती. माझं जुनं नाव, मग चिन्ह, आणि चिन्हानंतर झोकात माझं सासरचं आडनाव. टापटिपीच्या भरात माझ्या दोन्ही जुन्या चाव्या त्याने पुसून टाकल्या होत्या. चिन्हानंतर जागा लिहितात हे तो आनंदात विसरला. यंत्र बिचारं माझ्या सासरच्या आडनावाचं गोदाम शोधत होतं, आणि तसं गोदाम खात्यात नव्हतं.

साहेब कधी हसत नसत, त्या दिवशी हसले. मग गंभीर होऊन त्यांनी मला समोर बसवलं. जुन्या चाव्या परत करून देता येतील, म्हणाले. आणि तुला घरच्यासारखं नवंच नाव हवं असेल तर तेही देता येईल, पण यंत्राच्या लेखी ती नवी मुलगी असेल. जुने प्रोग्राम तिला वाचता येतील, हात लावता येणार नाही. ते सोडून गेलेल्या कुणाच्या तरी नावावर राहतील. म्हणजे सासूबाई आणि यंत्र, दोघांचं म्हणणं एकच होतं: दोन नावं म्हणजे दोन माणसं. मला रडू येईल असं वाटलं, आणि त्याचाच राग आला. मी विचारलं, सर, लग्न झाल्यावर नियमात काहीच सोय नाही का?

साहेब म्हणाले, "बेटी, निशान से पहले आदमी, निशान के बाद जगह. तुम्हारी जगह बदली है. बस."

मी जुनं नाव ठेवलं. घरी येऊन सासूबाईंना तसं सांगितलंही. त्या मटार सोलत होत्या. हजेरीत नवं नाव लागलं आहे, पण यंत्रात जुनंच राहणार, तिथली माझी दोन वर्षांची मेहनत मला सोडायची नाही, असं मी एका दमात बोलून टाकलं. त्यांनी मान वर केली नाही. "यंत्राला काय कळतंय," एवढंच म्हणाल्या. त्यानंतर कितीतरी दिवस त्या माझ्याशी कामापुरतं बोलत होत्या, आणि मीही काही कमी नव्हते, मीही कामापुरतंच उत्तर देत होते. आम्हा दोघींच्या मध्ये नवरा उगीच भाजीचं कौतुक करत बसायचा.

पुढच्या खंडेनवमीला ऑफिसात यंत्राची पूजा ठरली आणि घरच्यांना बोलावणं गेलं. सासूबाई येतील असं मला वाटलं नव्हतं. त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, हळदकुंकवाची कुयरी घेऊन आल्या. साहेबांनी हळदकुंकू आणि उदबत्ती दाराबाहेरच थांबवली, धूळ आणि धूर आत चालत नाही म्हणून. आत एक झेंडूचं फूल तेवढं जाऊ दिलं. चपला काढून सासूबाई आत आल्या, ते फूल माझ्या पडद्यावर ठेवलं आणि माझ्या खुर्चीत बसल्या. मी त्यांना दाखवायला म्हणून माझं नाव टाइप केलं. यंत्र उघडलं. हिरव्या अक्षरांत माझं जुनं नाव वर आलं. त्या बराच वेळ ते बघत राहिल्या, आणि मी मनातल्या मनात भांडणाची तयारी करत राहिले.

मग त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाल्या, "माझं टाक की."

मी माझ्या नावातून बाहेर पडून त्यांचं नाव टाकायला लागले. त्यांनी माझा हात धरला. "हे नाही. आधीचं," म्हणाल्या, आणि एक नाव सांगितलं. ते मी त्या घरात कधी ऐकलं नव्हतं. सासऱ्यांच्या तोंडून नाही, नवऱ्याच्या तर नाहीच. सुरेख नाव होतं. मी ते नीट टाइप केलं आणि बटण दाबलं. यंत्राने थोडा वेळ घेतला आणि सांगितलं की या नावाचं कोणी नाही.

त्यांनी काय लिहून आलं ते विचारलं. खोटं सांगावंसं वाटलं, पण त्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या, म्हणून खरं सांगितलं.

"बरोबर आहे त्याचं," सासूबाई म्हणाल्या. "कोणी हाकच मारली नाही इतकी वर्षं."

मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांनी तो तसाच राहू दिला. बाहेर भाईसाहब सगळ्यांना कचोऱ्या वाटत होता, त्यातली एक त्यांनी घेतली, तिखट आहे म्हणाल्या आणि सगळी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी दसरा होता. सकाळी मी दाराला तोरण बांधत होते, नवरा पेपर वाचत होता. स्वयंपाकघरातून सासूबाईंनी चहा झाल्याची हाक मारली. माझ्या जुन्या नावाने, खणखणीत. नवऱ्याने पेपरातून डोकं वर काढलं आणि कोण पाहुणी आली म्हणून दाराकडे बघितलं. दारात मीच होते.