रिपोर्टात न दिसणारं दुखणं

फायब्रोमायल्जियामुळे माझं अंगभर दुखायचं, पण शरीरातली सूज दाखवणारी रक्ततपासणी दर वेळी नॉर्मल यायची. "रिपोर्ट चांगला हाय की, मग दुखतंय कुठं?" सासूबाई विचारायच्या. एकदा त्या माझ्यासोबत फिजिओथेरपीला आल्या. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी माझ्या खांद्यावर नुसतं बोट दाबलं आणि मी कळवळले. सासूबाईंचा चेहराच उतरला. "रोज थोडं चाला, हळूहळू वाढवा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई चप्पल घालून तयार. "चल, रंकाळ्यावर जाऊ. दमलीस की बसू."

पहिल्या दिवशी तलावाच्या काठावर आम्ही तीनदा बसलो. त्या गोष्टीला वर्ष झालं. दुखणं गेलेलं नाही, पण झोप लागते आणि अर्धा तास न थांबता चालवतं.