आक्कांच्या गिरणीची पिन

हवा शुद्ध ठेवायची जबाबदारी सरकारने अख्ख्या देशात एकाच माणसावर टाकली आहे, आणि तो माणूस नेमका माझा थोरला साडू निघावा, याला माझं नशीब म्हणायचं, दुसरं काय. माझ्या मेहुणीचे हे यजमान अंबडच्या कोर्टात कागदांच्या गठ्ठ्यांत हयात घालवून निवृत्त झाले आणि महिन्याच्या आत त्यांनी विजेवर चालणारी एक छोटी पांढरी गाडी दारात आणून उभी केली. लोक निवृत्तीनंतर देवधर्माला लागतात, हे धुराच्या मागे लागले. रस्त्यात कुठलंही वाहन काळा धूर सोडताना दिसलं की ते त्याला गाठतात, काच खाली करतात आणि पुकारा केल्यासारखं विचारतात, "पीयूसी आहे का?" एकदा त्यांनी वरातीतला जनरेटर अडवला. नवरदेव घोड्यावर ताटकळलेला आणि हे जनरेटरवाल्याला नियम समजावून सांगत उभे. मी लांब पानटपरीवर जाऊन उभा राहिलो. ओळख दाखवायची हिंमत झाली नाही.

कागदावर नसलेली गोष्ट जगात नसतेच, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे आपली गाडी धूर सोडत नाही याचाही त्यांना कागद हवा होता. मला घेऊन ते जालन्यातल्या एका पीयूसी केंद्रावर गेले. तिथल्या माणसाने हातात नळी घेऊन गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, खाली वाकून पाहिलं आणि म्हणाला, "काका, सायलेन्सरच न्हाई. नळी घालू कुठं? ह्या गाडीला पीयूसी लागतच न्हाई."

"लागत न्हाई, बराबर," साडू म्हणाले. "पण लागत न्हाई असं लिहून द्या."

"तसा फॉर्म न्हाई."

"मंग धूर शून्य, असं लिहा."

"मशीनला दाखवल्याबिगर शून्य बी येत न्हाई, काका."

तासभर हे चाललं. मागे रिक्षांची रांग लागली, सगळ्यांची इंजिनं चालू, आणि त्या धुरात उभं राहून साडू स्वतःच्या गाडीच्या शून्यासाठी भांडत होते. शेवटी त्या माणसाने पावतीच्या पाठीवर 'गाडी पाहिली, धूर आढळला नाही' असं लिहून शिक्का मारला. साडूंनी तो कागद लॅमिनेट करून काचेला आतून चिकटवला आहे. आजवर एकाही पोलिसाने तो मागितलेला नाही, याचं त्यांना मनापासून वाईट वाटतं.

त्यांच्या गाडीत बसणं हा स्वतंत्र छळ आहे. बॅटरी खाते म्हणून एसी बंद, मग तो मे महिना का असेना. डोक्यावर ओला पंचा घ्यायचा आणि गप्प बसायचं. गाडीत मोबाइल चार्जिंगला लावला तर ते असे बघतात की आपण त्यांच्या ताटातली भाकरी उचलली. कुणी अंबडहून जालन्यापर्यंत सोडा म्हटलं, तर पहिला प्रश्न, "वजन किती तुमचं?" माझ्या सासऱ्यांनाही हा प्रश्न विचारला गेला, आणि ते एसटीने गेले. हॉर्न वाजवणं हे ध्वनिप्रदूषण, म्हणून तोही वर्ज्य. आता गाडीला मुळात आवाज नाही. जुन्या जालन्याच्या गल्लीत पोत्यांच्या हातगाड्या, रिक्षा, दुचाक्या, आणि त्यांच्यामागे ही गाडी भुतासारखी येऊन थांबते. कुणाला पत्ताच लागत नाही. त्यावर साडूंनी काढलेला उपाय म्हणजे मी. मी खिडकीतून मान काढायची आणि म्हणायचं, "ओ दादा, जरा सरका. मावशी, बाजूला व्हा." त्या गल्लीत माझं धान्याचं दुकान आहे. चार लोक मला शेठ म्हणतात. म्हणत होते.

पण त्यांची खरी अडचण वेगळीच होती. मुलगी भोकरदनला शाळेत शिक्षिका, नातू दोन वर्षांचा, आणि गाडी एका दमात अंबडहून भोकरदनला जाऊन परत येत नाही. मुलीचं घर तिसऱ्या मजल्यावर, तिथून वायर खाली पोचत नाही. माझं जालन्यातलं घर गल्लीत, तिथं अंगणच नाही. सबंध वाटेवर मोठ्या पिनेचा बोर्ड आणि हक्काचं अंगण असलेलं घर एकच, त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीचं, आक्कांचं. भोकरदनच्या थोडं अलीकडच्या गावात. आणि आक्कांशी त्यांचं अकरा वर्षं बोलणं नव्हतं.

कारण मानपानाचं. आक्कांच्या मुलीच्या लग्नात मामा म्हणून नवरीला मांडवात आणायचा मान यांचा. यांची तेव्हाची जुनी डिझेल जीप वाटेत बंद पडली. आपल्याकडे साडेबाराचं लग्न अडीचला लागतं, त्या भरवशावर हे निवांत होते. नेमकं ते लग्न मिनिटाला मिनिट वेळेवर लागलं. जिल्ह्यात असं पुन्हा झाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. हे पोचले तेव्हा कुठलासा चुलत मामा नवरीमागे उभा होता आणि अक्षता पडल्या होत्या. साडू मांडवाच्या दारातूनच उपाशी परत गेले.

तर परवाच्या उन्हाळ्यात आम्ही भोकरदनहून परत येत होतो. नातवाला फिरवण्यात यांनी बॅटरी संपवली होती. आक्कांच्या गावच्या फाट्यावर बॅटरीचा आकडा दोन टक्क्यांवर आला आणि गाडी थांबली. साडू स्टिअरिंग धरून बसून राहिले. "इथं न्हाई," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "गाडीला सांगा तसं." कुणीतरी गावात निरोप दिला आणि आक्कांचा मुलगा ट्रॅक्टर घेऊन आला. ट्रॅक्टरने काळा लोट सोडला आणि साडू त्या उन्हात कडाडले, "ह्याची पीयूसी दाखव आधी. मी धुराच्या मागं येणार न्हाई." अकरा वर्षांनी भाच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. भाचाही त्यांचाच. तो मुकाट्याने परत गेला आणि बैलजोडी घेऊन आला. तिला मात्र साडूंची हरकत नव्हती. अशी आमची विजेवरची गाडी बैलांनी ओढत गावात नेली आणि अर्धं गाव मागून चाललं. मी सवयीने मान बाहेर काढून लोकांना सरका म्हणत होतो.

आक्का दारात उभ्या होत्या. सत्तरी ओलांडलेल्या, कमरेत वाकलेल्या. मला वाटलं आता रडारड होणार, लग्न निघणार. त्यांनी भावाकडे पाहिलं आणि विचारलं, "पिन मोठी हाये का बारीक?"

"मोठी."

"मंग गिरणीची काढून तिथं लाव."

घरगुती पिठाची गिरणी बंद झाली, गाडी सुरू झाली. सहा तास लागले, त्यात दोन तास लाइट गेली. तेवढ्यात आक्कांनी पिठलं-भाकरी केली, जेवू घातलं. दोघं बहीणभाऊ व्होल्टेजवर बोलले. लग्नाचं नाव कुणी काढलं नाही.

त्यानंतर भोकरदनच्या दर फेरीला गाडी आक्कांच्या अंगणात लागू लागली. आता भोकरदनच्या रस्त्याला चार्जिंग स्टेशन झालं आहे. अर्ध्या तासात गाडी भरते. गेल्या महिन्यात आम्ही तिथं भरूनच निघालो, आणि दहा मिनिटांत साडूंनी गाडी आक्कांच्या अंगणात घातली. मी आकडा बघितला, शहाण्णव. म्हटलं, "भरलेली आहे की."

"ती दुकानची वीज," ते म्हणाले. "तिच्यात दम न्हाई. घरची घातली पायजे." आणि गिरणीची पिन काढून, गाडीची लावून भाच्यासोबत रान बघायला गेले.

मी आक्कांना म्हणालो, "गाडी भरलेलीच आहे, आक्का. तुमचं दळण उगाच खोळंबलं."

"मला म्हाईत हाये," आक्का म्हणाल्या. "आकडा वाचता येतो मला. पर वायर लावली की चार घंटे बसतो तो. बिनवायरचा बसायचा न्हाई, लाजतो. अकरा वर्षं गेली, पाव्हणं. आता मला किती राह्यलीत?"

मी चहाचा कप खाली ठेवला.

ऊन कलल्यावर साडू रानातून आले आणि अंगणातूनच त्यांनी विचारलं, "आक्का, किती झाली?"

आक्का उठल्या, गाडीपाशी गेल्या, काचेवर हात आडवा धरून आत वाकून पाहिलं. शंभर झाले होते. मी मघाशीच जाऊन पाहिले होते.

"अजून लई बाकी हाये," त्या म्हणाल्या. "बस."

साडूंनी चपला काढल्या आणि ते ओट्यावर आक्कांशेजारी जाऊन बसले.