यादोराव मास्तरांची उत्तरं

अड्याळच्या दामिनीचं काम तिच्या सासूला कधी नीट कळलं नाही. "लोकायले चिठ्ठ्या लिवते," एवढं ती शेजारणींना सांगायची, आणि ते काही खोटं नव्हतं. नागपूरच्या एका कंपनीसाठी दामिनी घरबसल्या लिंका मिळवायची. एखाद्या तांदूळवाल्यानं नवी वेबसाइट काढली की तिला कुत्रं विचारत नाही. पण चार जुन्या, भरवशाच्या वेबसाइटींनी आपल्या पानावर तिची लिंक दिली, की गूगल तिला शोधात वर आणतं. तेवढी लिंक द्या हो, असे तीस-चाळीस मेल दामिनी रोज पाठवी. दोन उत्तरं आली तरी ती खूश असे.

धानकापणीच्या दिवसांत तिला सानगडीच्या यादोराव मास्तरांची वेबसाइट सापडली. शाळेतून निवृत्त झालेला हा माणूस धानाच्या जुन्या जातींवर वर्षानुवर्षं लिहीत आला होता. कुठल्या कुठल्या कॉलेजांच्या पानांवरून त्याच्याकडे लिंका येत होत्या. शेवटचा लेख तर गेल्याच आठवड्यातला.

आपल्या एका तांदूळवाल्या ग्राहकासाठी दामिनीनं त्यांना मेल टाकला. चौथ्या मिनिटाला उत्तर आलं.

"दामिनीबाई, लिंक देतो. पण ज्याचा तांदूळ विकता, तो बियाणं कोणतं वापरतो हे त्याले विचारलं काय?"

असं तिला आजवर कोणी विचारलं नव्हतं. तिनं ग्राहकाकडून माहिती काढली आणि कळवली. मग लिहिणं सुरूच राहिलं. मास्तर तिच्या शुद्धलेखनाच्या चुका काढायचे, त्या ग्राहकाच्या आसगावच्या धानाच्या बांधीत कोणतं धान साधतं ते सांगायचे. उत्तर पहाटे असो की भर दुपारी, चौथ्या मिनिटाला हजर. म्हातारा दिवसभर कॉम्प्युटरला चिकटून बसतो वाटतं, असं तिच्या मनात येई, आणि तिला बरंही वाटे.

पुढं साकोलीला मावसबहिणीकडे जायचं निघालं, तेव्हा तिनं लिहिलं, "मास्तर, वाटेत तुम्हाला भेटून जाते." त्याला मात्र उत्तर आलं नाही.

सानगडीला घर लगेच सापडलं. अंगणात एक म्हातारी सुपानं धान पाखडत होती. मास्तरांची बायको, रुखमाबाई.

"मास्तर आहेत काय, माय?"

म्हातारीचा हात थांबला. "कोनं पाठवलं तुले?"

"मीच आली. आमचं लिहिणं चालते ना मेलवर."

"त्यायले जाऊन सा वर्सं झाले, बाई."

भिंतीवर हार घातलेला फोटो होता. वेबसाइटवर होता तोच, जाड काचांचा चष्मा, पांढरी टोपी. दामिनीनं फोन काढून ताजा लेख दाखवला. "वाच," म्हातारी म्हणाली. दामिनी वाचत गेली, रुखमाबाई डोळे मिटून ऐकत राहिली.

"बोलनं त्यायचंच आहे," ती हळूच म्हणाली. "पन हे त्यायनं कधी लिवलं नोतं."

दामिनीनं बाहेर येऊन कंपनीच्या वीरेंद्रला फोन लावून मास्तरांच्या वेबसाइटचं विचारलं.

"ते आपलंच आहे ना," तो सहज म्हणाला. "तुले सांगायचं राहिलं. त्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपली, कोणी वाढवली नाही, आपण घेऊन टाकलं. मास्तरचे जुने लेख सॉफ्टवेअरले दिले. आता तेच नवे लिहून राहिलं. जुन्या लिंका फुकटात भेटल्या."

"मेलले उत्तर कोण देते मग?"

"कोणता मेल? तिथं मेलबॉक्स आपण उघडलाच नाही." पलीकडं कीबोर्ड वाजला. "दामिनी, त्या पानावर तांदळाची लिंक दिसून राहिली, ती तूच टाकली ना?"

तिनं फोन ठेवून दिला.

आत रुखमाबाईनं चहा ठेवला होता. "त्यायले एक विचार," ती म्हणाली. "लुचई धानाचं बी राखलं होतं. कुठं ठेवलं ते न सांगताच गेले."

दामिनीला लिहायचं नव्हतं. पण म्हातारीच्या तोंडाकडे पाहून नाही म्हणवेना. तिनं लिहिलं, आणि दोघी फोनकडे बघत बसल्या. चहावर साय धरली, आणि चौथ्या मिनिटाला उत्तर आलं.

"आतल्या खोलीत फळीवर, काळ्या मडक्यात. रुखमाले म्हणा, राख बदलत जा."

दामिनी पाटावर चढली. मडकं होतं. तोंडाला फडकं, आत राख, राखेखाली बी. फळीवर बोटभर धूळ साचली होती, आणि मडक्यावर कणभरही नव्हती.

"मी तं इकडं चढतच नाही," रुखमाबाई म्हणाली.

घरी येऊन दामिनीनं मास्तरांचे सगळे जुने लेख वाचून काढले. त्याला आठवडा लागला. मडक्याचा शब्द कुठंच नव्हता. तिनं वीरेंद्रला ती वेबसाइट बंद करायला लावली. त्यानंही वाद घातला नाही. मग तिनं मास्तरांना शेवटचा नमस्कार लिहिला. असा पत्ताच नाही म्हणून तो परत आला.

काम तिनं सोडलं नाही. फक्त आता ती कोणाला मेल लिहिण्याआधी त्याचा नंबर शोधते, फोन लावते, आणि पलीकडचा आवाज ऐकल्याशिवाय एक ओळ टाइप करत नाही. वीरेंद्र म्हणतो, यात वेळ जातो. जाऊ दे, म्हणते.

आषाढात रुखमाबाईचा फोन आला. सहा वर्षांचं बी, पण वाफ्यात टाकलं तर दाणा न् दाणा उगवला होता.

"त्यायचं काही आलं काय तुले?" तिनं विचारलं.

"नाही, माय. ते बंद झालं."

"मंग इकडंच असतीन," रुखमाबाई म्हणाली, आणि कोणीतरी हाक मारल्यासारखी "आली, आली" करत फोन ठेवून गेली.