खरपुडीभोवतीचं कुंपण

सुमन गेल्याचं तिच्या भावानं, आप्पांनी, फोनवर सांगितलं. "बाई, सुटली बघा," एवढंच म्हणाले. शिरूरच्या कॉलेजात आम्ही दोघी वनस्पतिशास्त्र शिकवायचो. ती दौंडकडच्या मेंढपाळाची लेक. वर्गात एका हातात रुईची फांदी, दुसऱ्या हातात खरपुडीचं चित्र धरून उभी राहायची. "दोघी एकाच कुळातल्या. रुई उकिरड्यावरही फोफावते. हे कंदिलासारखं फूल मात्र माळावरच तग धरतं, आणि खरपुडीच्या कितीतरी बहिणी नामशेष व्हायच्या वाटेवर आहेत." त्या फुलाच्या नळीत शिरलेली माशी आतल्या केसांमुळे अडकते. केस कोमेजले की परागकण घेऊन सुटते. हे सांगायला सुमनला फार आवडायचं.

तिच्या गावच्या माळावर थोडी खरपुडी उरली होती. मेंढरं ती संपवतील या धास्तीनं सुमननं सगळ्यांचं डोकं खाऊन तिथं तारेचं कुंपण घालून घेतलं. महाहट्टी बाई! आप्पांची चराई बंद झाली. त्यांनी बोलणं टाकलं, पुढे कळपही विकला. इकडे कुंपणात गवत कमरेएवढं माजलं आणि खरपुडी त्याखाली गुदमरली. मेंढरं गवत आखूड ठेवत होती म्हणून ती जगत होती... मेंढपाळाच्या लेकीलाच हे उमगलं नाही.

शेवटची भेट दौंडच्या रेल्वे कॉलनीत, तिच्या घरी झाली. नाकात ऑक्सिजनची नळी. ती पुरेल तेवढंच तिचं जग, पलंगापासून खिडकीपर्यंत. "माशी तरी दुसऱ्या दिवशी सुटते गं," ती म्हणाली. मग थांबत थांबत, "आप्पाला सांग... कुंपण काढ, मेंढरं घाल."

"मेंढरं कुठायत आता?"

तिनं भिंतीकडे तोंड वळवलं. "मग मी काय करू?" त्या प्रश्नाचा मला अजूनही राग येतो.

सुमनचा निरोप मी कळवला, आणि गेल्या आठवड्यात आप्पा मला माळावर घेऊन गेले. एका बाजूची तार त्यांनी आधीच गुंडाळून ठेवली होती. त्यांनी माझ्या हातात विळा दिला. "मुळापासनं न्हाई कापायचं, बाई. मेंढरू ठेवतं तेवढं ठिवा." दिवसभर वाकून घोंगडीएवढी जागा मोकळी झाली. चहूकडे गवत तसंच उभं होतं. खरपुडी कुठं दिसली नाही.

"लई दिस बोललो न्हाई मी सुमीशी," आप्पा म्हणाले, आणि पुढची मूठ धरून कापू लागले.