सुतळीच्या सात गाठी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी उठून चुलीपाशी जाते. भीती वाटते म्हणून नव्हे, खोट्या वाटतात म्हणून. मी चौथी शिकलेली, चार माणसांत तोंड उघडत नाही. मासिकांत लोक असे अनुभव छापतात. माझा मी वहीतच ठेवणार आहे...

तेव्हा आम्ही अंबरनाथला काड्यापेटीच्या कारखान्याजवळ चाळीत राहत होतो. सासूबाई, हे आणि मी. पहिलं मूल जन्मतःच गेलं होतं. दुसऱ्या वेळी आठवा महिना लागला आणि माझे वडील वारले. बाबा नाटक कंपनीत मँडोलिन वाजवायचे. भावाने ते मला आणून दिलं.

"पोटुशीच्या घरात मेल्या माणसाचं वाद्य?" सासूबाई म्हणाल्या. "आणि काय हे ध्यान! भोपळ्याला दांडा."

दिसायचं तसंच. पाठ फुगीर, कलिंगडाच्या फोडींसारख्या पातळ लाकडी पट्ट्या जोडून केलेली. भावाने हौसेने जाड तारा चढवल्या होत्या. त्या ताणाने पट्ट्या सुटायला लागल्या होत्या.

कल्याण कॅम्पात – लोक नुकतेच त्याला उल्हासनगर म्हणू लागले होते – एक म्हातारे सिंधी सुतार बराकीत राहायचे, सगळे त्यांना साई म्हणायचे. आपल्या मुलखात ते वाद्यं दुरुस्त करत. हे मला त्यांच्याकडे घेऊन गेले. साईंनी मँडोलिन मांडीवर उलटं घेतलं आणि एकेका पट्टीवर बोट वाजवून पाहिलं.

"आठ तार, पर समझो चार. दो-दो की जोडी. ये मोटी तार किसने लगाई? पहलवान को पालने में सुला दिया!"

हे हसले. मला बाबा आठवले. वाजवायला बसले की आधी अंगठ्याने चारही जोड्या सावकाश छेडायचे, जाडीपासून बारीकपर्यंत. चौथी वाजली की मगच गाणं.

साईंनी तारा उतरवून स्वतःकडे ठेवल्या. भेगांत गरम सरस भरला, भोवती सुतळी आवळली आणि सात गाठी मारल्या. "पंद्रह दिन खोलना नहीं, बेटी. बारिश में सरस देर से सूखता है. पहले खोला तो सब पट्टी बिखर जाएगी."

चौथ्याच दिवशी कळा सुरू झाल्या. दिवस भरायला अजून तीन आठवडे होते. हे पहिल्या पाळीला गेलेले. बदलापूर गावातून सुईण आली, भागामावशी. दुपार झाली आणि कळा एकाएकी थांबल्या. मावशीने पोटावर हात ठेवला.

"पोर दमलंय," ती म्हणाली. "घरातल्या सगल्या गाठी सोरा, बाय. कुलपा उघरा."

बाळंतीण अडली की हे करतातच. सासूबाईंनी ट्रंक उघडली, डब्यांची झाकणं काढली, माझी वेणी सोडली. मग त्यांची नजर फळीवरच्या मँडोलिनवर गेली.

"ते नको," मी म्हणाले. लग्नानंतरचं माझं पहिलं उलट उत्तर. "पट्ट्या सुटतील."

"सुटू देत! तुला पोर पाहिजे की भोपळा?"

मी तोंड भिंतीकडे केलं. "सोडा."

गाठी सुताराच्या, सुटेनात. सासूबाईंनी विळी ओढली तशी मावशी ओरडली, "कापू नको! गाठ सोरायची असते." सासूबाई खाली बसून दाताने ओढू लागल्या.

आणि आवाज आला.

जाड जोडीचा. मँडोलिनवर एकही तार नव्हती... मग दुसरी जोडी. मग तिसरी. तशीच सावकाश, अंगठ्याने. मावशीचा हात माझ्या पोटावर ताठ झाला. मी चौथीची वाट पाहू लागले. श्वास धरला, अंगातलं सगळं बळ एका जागी आलं. चौथी आलीच नाही – कळ आली. आयुष्यात तशी कळ मला आली नव्हती.

"आलं, आलं! जोर कर!"

मुलगी झाली. नाळेचे दोन वेढे गळ्याला, अंग निळं. मावशीने वेढे काढले, पाठीवर चापट्या मारल्या. किती वेळाने रडली, सांगता येत नाही.

नंतर पाहिलं तर सुतळी मँडोलिनजवळ सरळ पडली होती. एकही गाठ नाही.

"मी सोडल्या," सासूबाई म्हणाल्या.

"तू तर पयलीच दातानं ओढीत होतीस."

"गप गं. लुगडं घे आणि जा."

यांचं म्हणणं, कळांत कानात आवाज येतात. मावशीला मी पुढे मुद्दाम विचारलं, काही ऐकलंस का? "तीनदा वाजला," ती म्हणाली. आकडा मी सांगितला नव्हता.

सव्वा महिन्यानंतर साईंकडे गेलो आणि सुतळी चौथ्याच दिवशी सुटल्याचं सांगितलं. त्यांनी प्रत्येक पट्टी दाबून पाहिली. एकही हलली नाही. "चार दिन में खोला?" दोनदा विचारलं. मग बारीक तारा चढवून दिल्या. थट्टा केली नाही.

मुलगी आता पहिलीत आहे. सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. शेवटच्या आजारात एका दुपारी नात त्यांचे पाय चेपत होती. तिला पाणी आणायला पाठवून त्या मला म्हणाल्या, "त्या दिवशी मी एकही गाठ सोडली नाही गं. माझ्या हातातच सुतळी सैल होत गेली. पलीकडून कुणी सोडवत असावं तशी."

"मग खोटं का बोललात?"

"घाबरले. वाटलं, तुझा बाप आलाय, पोराला न्यायला."

कोण आलं होतं, की कुणीच नाही, मला आजही ठाऊक नाही.

नात पाणी घेऊन आली. सासूबाईंनी पेला बाजूला ठेवला आणि तिचं मनगट धरलं. दिवेलागण झाली तरी सोडलं नाही.